पंचाहत्तरला सहा दशांश कमी

मे २०२३ मध्ये एका रात्री तिचा फोन आला. "ताई, ७४.४," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. पुढे काही विचारायची गरज नव्हती. अमेरिकेतल्या तिच्या कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे कमी फीच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) नर्सिंगच्या कुठल्याही विषयात पास व्हायला ७५ लागतात आणि अपूर्णांक वर ओढून पूर्ण करत नाहीत. ७४.९ असते तरी ती नापासच होती. वॉर्डातल्या कामात ती पास होती, औषधांच्या हिशोबात पहिली होती, पण लेखी गेलं म्हणजे सगळा विषय गेला. तोच विषय दुसऱ्यांदा गेला असता तर कोर्समधूनच नाव कमी झालं असतं.

तिची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. तिचं नाव आणि कॉलेज दोन्ही गाळलं आहे. मी स्वतः जीएनएम, म्हणजे भारतातली नर्सिंगची पदविका घेतलेली. महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमध्ये शिकले, परीक्षा देऊन न्यू जर्सीत आले आणि गेली बरीच वर्षं मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आहे. आमच्या भागातल्या मराठी मुली, म्हणजे पस्तिशी-चाळिशीच्या बायका, नर्सिंगला जायचं म्हटलं की मला फोन करतात. "दोन वर्षांचा कोर्स आहे ना ताई?" हा त्यांचा पहिला प्रश्न. हिचाही तोच होता.

ती सांगलीची. बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी, मिरजेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चार वर्षं नोकरी. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे पेशंट, रिपोर्ट, रक्ताच्या नळ्या यांत ती मुरलेली. लग्नानंतर एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, इकडे आली. या व्हिसावर शिकता येतं, पण तेव्हा काम करता येत नव्हतं. मे २०१५ मध्ये नियम बदलला आणि ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलंय त्यांना कामाचा परवाना मिळू लागला. तो मिळाल्यावर तिने एका पाळणाघरात नोकरी धरली. मुलगा शाळेत जाऊ लागला, धाकटी पाठोपाठ, आणि मग तिच्या मनात नर्सिंग आलं.

जिच्याकडे पदवी आहे तिने थेट विद्यापीठात वर्षा-दीड वर्षाचा जलद बीएसएन (नर्सिंगची पदवी) का करू नये, असं वाचणाऱ्याला वाटेल. तिलाही वाटलं होतं. पण आपली बीएस्सी तीन वर्षांची. बऱ्याच विद्यापीठांत ती इथल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत. शिवाय त्या कोर्सची फी कम्युनिटी कॉलेजच्या कितीतरी पट, आणि तो करताना नोकरी अशक्य. एच-४ वाल्यांना केंद्र सरकारची शैक्षणिक मदतही मिळत नाही. आपल्या काउंटीतल्या रहिवाशांच्या दराने, हप्त्याने फी भरता येईल असं कॉलेज तिला परवडणारं होतं. माझ्या मते तिची निवड बरोबर होती. चुकला तो फक्त काळाचा अंदाज.

"दोन वर्षं" या शब्दांमागे एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सेसचा तुटवडा होता आणि बहुतेक नर्सेस हॉस्पिटलांच्या तीन वर्षांच्या शाळांतून येत. तिथे शिकणाऱ्या मुलींकडून वॉर्डाचं काम फुकटात करून घेतलं जाई. मिल्ड्रेड मॉन्टॅग या नर्सिंगच्या शिक्षिकेने मांडलं, की कॉलेजात नीट आखून शिकवलं तर दोन वर्षांत वॉर्डात काम करणारी चांगली नर्स तयार होते. १९५२ मध्ये कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजच्या पुढाकाराने मोजक्या कॉलेजांत हा प्रयोग सुरू झाला. तो इतका यशस्वी ठरला की ही वाट देशभर पसरली. या नर्सेसनी परवान्याची परीक्षा मात्र तीच दिली जी इतर नर्सेस देतात. आजही तसंच आहे. कम्युनिटी कॉलेजची एडीएन (दोन वर्षांची पदवी घेतलेली नर्स) आणि विद्यापीठाची बीएसएन, दोघी आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, होण्यासाठी एकाच एनक्लेक्स-आरएन परीक्षेला बसतात.

मी जिथे शिकले तिथे आम्ही विद्यार्थिनी रात्रपाळीला अख्खा वॉर्ड सांभाळायचो. त्यामुळे मॉन्टॅगबाईंना काय म्हणायचं होतं ते मला हाडापर्यंत समजतं. पण त्यांच्या दोन वर्षांना आज एक मोठी ओसरी जोडली गेली आहे. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, कुठे कुठे संख्याशास्त्र. हे सगळं आधी उरकायचं, मग टीजसारखी प्रवेशपरीक्षा द्यायची (१७० प्रश्न, २०९ मिनिटं), आणि मग जागा मिळाली तर ती दोन वर्षं सुरू होतात. विज्ञानाच्या विषयांना मुदतही असते. तिच्या कॉलेजात ती पाच वर्षांची होती. त्यामुळे मायक्रोबायॉलॉजीच्या पदवीधर बाईला मायक्रोबायॉलॉजी परत घ्यावी लागली. ती चिडली होती. मी तिला म्हटलं, चीड, पण वर्गात बस. नंतर तिनेच कबूल केलं, की प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंवर ती जे शिकली त्यातलं बरंचसं तिच्या सांगलीच्या पुस्तकात नव्हतं.

जानेवारी २०२१ मध्ये तिने पहिला विषय घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला बसली. त्यात ८१ मिळाले. दुसरं सेमिस्टर मेड-सर्जचं, म्हणजे मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचं, तिथे गाडी अडली.

बाहेरच्या लोकांनी ताबडतोब दोन कारणं सांगितली: इंग्रजी आणि वय. दोन्ही चूक. तिचं इंग्रजी उत्तम होतं. वर्गात तिच्याहून मोठ्या दोघी होत्या आणि त्या पास झाल्या. हिशोबाचं तर विचारूच नका. १७६ पौंड वजनाचा पेशंट, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) ताशी किलोमागे १८ युनिट, पिशवीत २५० मिलिलिटरमध्ये २५,००० युनिट, तर पंप कितीवर लावायचा? बाकीचे वर्गबंधू कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत तिचं १४.४ मिलिलिटर लिहून झालेलं असे. तिचे गुण गेले ते एकदाच, ५ च्या जागी ५.० लिहिलं म्हणून. औषधाच्या मात्रेत पूर्ण अंकामागे शून्य लिहायचं नाही हा इथला कडक नियम आहे. टिंब पुसट झालं तर ५ चे ५० होतात.

मग बिनसलं कुठे? हे शोधायला आम्ही दोघींनी जूनमधले तीन रविवार दिले. नर्सिंगच्या परीक्षांचे पेपर घरी देत नाहीत. निकालानंतर प्राध्यापकांच्या खोलीत, त्यांच्यासमोर, फोन बाहेर ठेवून ते बघता येतात. अख्ख्या सेमिस्टरमध्ये ती असं पेपर बघायला एकदाही गेली नव्हती. का, तर "मार्क वाढवून मागायला आलीय असं त्यांना वाटेल." मी डोक्याला हात लावला. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये मुलगी गेली की काहीतरी भानगड असते, ही सवय सात समुद्र ओलांडून आलेली. मी तिला पाठवलंच. प्राध्यापिका उलट खूश झाल्या. प्रश्न उतरवून घ्यायचा नाही, पण प्रत्येक चुकीपुढे विषय आणि चुकण्याचं कारण लिहायला त्यांनी परवानगी दिली. त्या कागदावरून जे दिसलं त्याने आम्ही दोघी गप्प झालो. न वाचल्यामुळे किंवा न समजल्यामुळे झालेल्या चुका फार थोड्या होत्या. बाकीच्या सगळ्या ठिकाणी तिला विषय येत होता आणि उत्तर चुकलं होतं.

खऱ्या परीक्षेतला प्रश्न देता येणार नाही, म्हणून त्या धर्तीचा एक रचून देते. तुमच्याकडे चार पेशंट आहेत. पहिल्याचं काल पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुखणं दहापैकी आठ, तो कण्हतो आहे. दुसऱ्याची साखर २१०. तिसऱ्या आजींचं दोन दिवसांपूर्वी खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालंय, सकाळपासून चादर ओढताहेत, चुळबुळ करताहेत, श्वास मिनिटाला २८. चौथ्याला घरी सोडायचं आहे आणि त्याचा मुलगा उशीर झाला म्हणून चिडलाय. आधी कुणाकडे जाल? ती पहिल्याकडे गेली असती. "माणूस वेदनेने कण्हतोय ताई, त्याच्याकडे जायला नको?" जायचंच आहे. पण आधी आजींकडे. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतर रक्ताची किंवा चरबीची गुठळी फुफ्फुसात जाऊ शकते. ऑक्सिजन कमी पडायला लागला की माणूस ओरडत नाही, नुसता अस्वस्थ होतो. वेदनेने जीव जात नाही, श्वास थांबला तर जातो.

आपण ज्या पद्धतीने शिकलो त्यात धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तर धड्यात असायचं. इथे बरेचदा चारही पर्याय बरोबर असतात आणि त्यातला आधीचा कुठला ते विचारतात. तिच्या त्याच सेमिस्टरमध्ये, १ एप्रिल २०२३ पासून, एनक्लेक्सचं रूप बदललं. खुणा ओळखणं, त्यांचा अर्थ लावणं, आधी कशाकडे बघायचं ते ठरवणं, उपाय सुचवणं, कृती करणं आणि परिणाम तपासणं अशा सहा पायऱ्यांवर नवे प्रश्न बेतलेले आहेत. कॉलेजंही तसेच पेपर काढू लागली. ती मात्र रात्री अकरा ते दोन वहीत व्याख्या उतरवत बसायची. तीन रंगांची पेनं, सुरेख अक्षर. त्या वह्या बघून मला भरून आलं, कारण माझ्या वह्याही अशाच होत्या.

दुसऱ्या प्रकारची चूक मला जास्त बोलकी वाटली. पेशंट म्हणतो, "उद्याच्या ऑपरेशनची मला फार भीती वाटते." नर्स काय म्हणेल? तिने निवडलं: काळजी करू नका, तुमचे डॉक्टर फार चांगले आहेत, सगळं नीट होईल. आपल्या घरात आजाऱ्याशी आणखी काय बोलतात? मामा, काकू, शेजारी, सगळे हेच बोलतात, आणि त्यात माया असते. पण नर्सिंगच्या परीक्षेत हे उत्तर चुकीचं आहे. सगळं नीट होईल हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते वाक्य उच्चारलं की पेशंटचं बोलणं तिथेच संपतं. बरोबर उत्तर असतं: "तुम्हाला नेमकं कशाचं भय वाटतंय, सांगाल का?" "असं का केलंत?" हेही चूक, कारण त्यात जाब विचारल्याचा सूर आहे. असे प्रश्न तिचे सातत्याने गेले होते. मीही माझ्या पहिल्या वर्षी ते असेच चुकवले होते. धीर देणं म्हणजे बोलणं, असं आपल्या अंगवळणी पडलंय. इथे धीर देणं म्हणजे ऐकणं.

तिसरी चूक कामं सोपवण्याची. कुठलं काम सहायकाला द्यायचं, कुठलं एलपीएनला (आरएनच्या हाताखालच्या, कमी शिक्षणाच्या नर्सला), कुठलं स्वतः करायचं? पेशंटची पहिली तपासणी, शिकवणं आणि परिणाम जोखणं आरएनने सोडायचं नाही, पण अंघोळ, चालवणं, स्थिर पेशंटचं बीपी घेणं सोपवायचं. ती सगळं स्वतःकडे ठेवायची. हे बघताना मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "घरी काय काय सोपवतेस?"

त्या सेमिस्टरमधला तिचा आठवडा आम्ही मांडला. दोन दिवस पहाटे पाचला उठून पावणेसातला हॉस्पिटलात, दोन दिवस लेक्चर आणि लॅब, उरलेल्या दिवशी पाळणाघराची अर्धवेळ नोकरी. क्लिनिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या कामाच्या, आदल्या रात्री केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा. या सगळ्यात चौघांचा स्वयंपाक, दोघांचे डबे, शनिवारी मुलाचा तबला, रविवारी मराठी शाळा, जिथे ती शिकवायचीसुद्धा. २२ मार्चला गुढीपाडवा होता. दुसऱ्या दिवशी परीक्षा. तिने चौदा माणसांची पुरणपोळी केली. नवरा वाईट माणूस नाही, तो कधी नको म्हणाला नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जो हाक मारतो त्याच्याकडे ती आधी जायची, घरातही आणि पेपरातही. अभ्यास काही हाक मारत नाही.

हे मी तिला बोलले तेव्हा ती रडली आणि मग रागावली. "म्हणजे चूक माझीच?" नाही, आणि हे मला ठासून लिहायचं आहे. चार माणसांच्या घरात एकीने कॉलेजला जायचं ठरवल्यावर बाकीच्यांचा दिवस एका मिनिटानेही हलला नाही, तर ती चूक एकीची नसते.

पुन्हा बसायला जागा जानेवारी २०२४ मध्ये होती. मधल्या सहा-सात महिन्यांत तिने पाळणाघर सोडलं आणि नर्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण घेतलं. केंद्राच्या नियमाने ते किमान ७५ तासांचं असतं, राज्यागणिक जास्त. मग एका वृद्धाश्रमवजा नर्सिंग होममध्ये शनिवार-रविवार काम. आंघोळी, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. सांगलीहून वडिलांचा फोन आला, "बीएस्सी करून आयाचं काम करायला अमेरिकेला गेलीस?" ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मी तिला केईएमची आठवण करून दिली. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग त्यांच्यावरच्या हल्ल्यानंतर १९७३ पासून २०१५ मध्ये जाईपर्यंत त्या हॉस्पिटलात अंथरुणाला होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात नोंद आहे, की सदतीस वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण (पडून पडून होणारी जखम) झालं नाही. पाठ धुणं, कूस बदलणं, चादरीची घडी सरळ करणं, हेच ते आयाचं काम. नर्सेसच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी ते केलं. याहून मोठं नर्सिंग मला माहीत नाही. ती काम करत राहिली, आणि म्हाताऱ्या माणसाचं नेहमीचं चिडणं आणि आजचं वेगळं चिडणं यातला फरक ती तिथेच शिकली, पुस्तकातून नाही.

अभ्यासाची पद्धत पार बदलली. वह्या बंद. रोज पंचवीस प्रश्न, बरोबर आलेल्यांचंही कारण मोठ्याने सांगायचं, तेही मला किंवा वर्गातल्या एका हैती देशाच्या मैत्रिणीला. प्रत्येक परीक्षेनंतर प्राध्यापिकांच्या खोलीत हजेरी. घरात नवऱ्याने मंगळवार आणि गुरुवारचा स्वयंपाक घेतला. पहिल्या महिन्यात मुलांनी बरीच खिचडी खाल्ली. मराठी शाळेचा वर्ग तिने दुसऱ्या आईला दिला. हे सोडणं तिला सगळ्यात जड गेलं. २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला आला, तेव्हा गुढी उभारली आणि श्रीखंड ओक ट्री रोडवरच्या दुकानातून आणलं. मेड-सर्ज ८३ ने सुटलं.

पुढचं भराभर सांगते. उरलेली दोन सेमिस्टरं सरळ गेली. मे २०२५ मध्ये पदवी, जुलैमध्ये एनक्लेक्स. त्या परीक्षेत संगणक तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडतो. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. तिचा पडदा ८५ वर बंद झाला. हे फार चांगल्याचंही लक्षण असू शकतं आणि फार वाईटाचंही, त्यामुळे परवाना मंडळाच्या यादीत नाव दिसेपर्यंतचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. नाव दिसलं. "दोन वर्षांचा कोर्स" साडेचार वर्षांनी संपला.

एक अडचण मात्र मी तिला आधी पुरेशी स्पष्ट सांगितली नव्हती, आणि ती माझी चूक. २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बीएसएन असाव्यात अशी शिफारस केली. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात २०१७ मध्ये कायदाच झाला, की नव्या नर्सने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन करावं. त्यामुळे अनेक मोठी हॉस्पिटलं एडीएन नर्सचा अर्ज बाजूला ठेवतात किंवा ठरावीक वर्षांत बीएसएन करीन असं लिहून घेतात. तिला पहिल्या कित्येक अर्जांना उत्तरच आलं नाही. शेवटी ऑपरेशननंतरच्या पुनर्वसन केंद्रात नोकरी लागली, रात्रपाळी, बारा तासांच्या तीन पाळ्या. एडीएनवरून बीएसएनला जायचा ऑनलाइन कोर्स तिने आता घेतलाय, एका वेळी एकच विषय. मंगळवार-गुरुवारचा स्वयंपाक अजून नवऱ्याकडेच आहे.

मागच्या महिन्यात ती माझ्याकडे आलेली असताना वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, थोडं वाढलं होतं. घाबरलेले दिसत होते, पण ते तसं म्हणत नव्हते, लॅबवाल्यालाच शिव्या देत होते. माझ्या तोंडात "काही होत नाही हो काका" तयार होतं. तिने हातानेच मला थांबवलं, फोन जवळ घेतला आणि म्हणाली, "बाबा, रिपोर्ट राहू द्या. तुम्हाला कशाची भीती वाटतेय ते सांगा." ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांच्या थोरल्या भावाच्या डायलिसिसबद्दल बोलायला लागले.